ह्यांचं औषध माझ्या गालांत

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.

आज आलं ते असं :
कोलॅजेन पावडर, डबा एक – ८४९
गालांवर फिरवायचं दगडी लाटणं – २९९
झोपताना लावायचं क्रीम, बोटभर ट्यूब – ६४०
एकूण रुपये १७८८. अनुजाने मुंबईहून पाठवलं. पैसे तिला पोस्टाने पाठवायचे. लेकीचं फुकट घ्यायचं नाही.
खाते : ह्यांचे औषधपाणी.

बाबली पोस्टमन म्हणाला, "काकी, ह्या काय? वजन काय नाय, किंमत मात्र बरीच दिसता." त्याला म्हटलं, अप्पांचं औषध आहे. खोटं बोलले नाही. वस्तू कोणाच्या अंगाला लागते त्यावर खातं ठरत नाही, कोणाच्या बऱ्यासाठी आणली त्यावर ठरतं.

सविस्तर लिहून ठेवते, उद्या मीच विसरले तर असावं. हे दोन वर्षं मला ओळखत नाहीत. म्हणजे ओळखतात, पण आत्या म्हणून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि माझी सासू. मी ह्यांच्या मामाची मुलगी, आमच्यात तशी रीत आहे. आत्या जाऊन चौदा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार, मेंदू सुकतोय. डॉक्टरांना आमची घराणी ठाऊक नाहीत. माझं तोंड पहिल्यापासून आत्येच्या वळणाचं. गाल होते तोवर मी सुशीला दिसत होते. गेल्या चार-पाच वर्षांत गाल आत गेले आणि खालून आत्या वर आली. मग ह्यांनी आये म्हणून हाक मारली तर चूक कोणाची? डोकं ह्यांचं शाबूत आहे. दोष माझ्या तोंडात आहे, आणि त्यावर उपाय निघालेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. संकल्प :
रोज गाल फुगवून सोडणे, १०८ वेळा.
रोज एक चमचा तूप.
पावडर दुधातून.
लाटणं सकाळ-संध्याकाळ, खालून वर.

आजचा उपास कडक, म्हणून तूप उद्यापासून. पावडरचा डबा चष्मा लावून वाचला तर ती माशांची निघाली. गुरुवारी चालणार नाही, सोमवारीही नाही. शिवाय आठशे एकोणपन्नास रुपये देऊन माशांची पूड, आणि इथे बांगडेवाली रोज दारात ओरडते. अनुजाला कळवायला हवं. गाल १०८ वेळा फुगवायला बसले, ४० ला चक्कर आली. उपाशीपोटी करू नये असं दिसतं.

लाटणं फिरवताना शेजारची यशोदा ओट्यावर येऊन उभी. "काय गो, तोंडावर पोळयो लाटतंस?" मी म्हटलं, रक्ताभिसरण. ती म्हणाली, "परत लगीन करतंस तर सांग, माका लुगडा होया."

काही लोकांना गांभीर्य नसतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

लाटण्याने फरक वाटतो. डावा गाल किंचित वर. उजव्याला वेळ लागेल.

दुपारी पेज वाढताना ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "आये, सुशीक बोला नको गो. सकाळपासून राबता ती. तिची पाठ दुखता. सांगणा नाय, एवढाच."

आत्येच्या हाताखाली मी तीस वर्षं काढली. कढीत मीठ जास्त झालं तर माझ्या बापाचा उद्धार, आणि बाप म्हणजे तिचाच सख्खा भाऊ. हे तेव्हा पाटावर खाली मान घालून जेवायचे. चाळीस वर्षं पोस्टात, हजार लोकांशी बोललेला माणूस, आईपुढे एक शब्द नाही. आणि आज बोलले. माझ्यासाठी. मलाच.

म्हटलं, "नाय बोलणंय." त्यांनी हात सोडला आणि पेज सगळी जेवले. वर लोणचं मागितलं.

तात्पर्य, आठवण जिवंत आहे. सुशी आहे, पाठ आहे, सगळं आहे. फक्त मी समोर उभी असताना तिचा माझ्याशी मेळ बसत नाही. गालांचंच काम.

पाठ दुखते हे मी त्यांना कधी सांगितलं होतं, आठवत नाही. बहुतेक सांगितलंच नव्हतं.

२ डिसेंबर, मंगळवार.

नुसतं लाटणं पुरणार नाही. मूळ तत्त्व बरोबर आहे का ते बघण्यासाठी आज प्रयोग केला. देवाच्या वातींचा कापूस, नवा, दोन गोळे करून दोन्ही गालांत ठेवले. आरशात बघितलं तर साक्षात वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळातली मी, लग्नाच्या फोटोतली. हिरवं पातळ नेसले. ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

बराच वेळ बघितलं. मी हसायचा प्रयत्न केला, कापूस दिसेल म्हणून बेताने.

म्हणाले, "आये, तुझो दात दुखता काय? थांब, लवंग हाडतंय."

उठले, स्वयंपाकघरात गेले, डबे उघडून बघितले, कशासाठी आलो ते विसरले आणि जिऱ्याचा डबा घेऊन परत आले. मी जिरं चावलं. दात बरा झाला म्हटलं.

प्रयोग फसला असं म्हणता येणार नाही. कापूस हा कापूसच. खरा भराव हवा. अनुजा म्हणाली कुडाळला एक शनिवार सोडून एक कोल्हापूरहून एक स्किनच्या मॅडम येतात, डॉ. सुनीती. नाव घातलं. अनुजाला केवढा आनंद. "आई, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी करतेयस." बाबांसाठी आहे हे तिला बोलले नाही. तिने डॉक्टरांचीच बाजू घेतली असती.

६ डिसेंबर, शनिवार. कुडाळ.

एसटी, कसालमार्गे. महिलांना निम्मं तिकीट, हे एक बरं. ह्यांच्यापाशी यशोदा बसली.

मॅडम तरुण. मुलीसारखी. गाल बघून हेवा वाटला. माझे गाल दोन बोटांनी दाबून बघितले, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग लाईट खाली करून. म्हणाल्या, वयाबरोबर गालांतल्या चरबीच्या गाद्या विरतात, उरलेल्या खाली सरकतात, आतलं हाडही थोडं झिजतं. तुमच्या मागच्या दाढा गेल्यात म्हणून जास्त बसलेत. लाटण्याचं विचारलं तर हसल्या. लाटण्याने गाल वर येत नाहीत, मावशी. क्रीमने कातडी मऊ राहील, खालची गादी भरणार नाही. पावडरचं म्हणाल्या, तिने गाल भरतील असं मी सांगणार नाही.

डावा गाल वर आला होता त्याबद्दल मी गप्प बसले.

उपाय सांगितले. पहिला, काहीच न करणं, हाही उपायच असतो म्हणाल्या. दुसरा, दाढा बसवणं. तिसरा, फिलर, म्हणजे जेलसारखं औषध सुईने गालात भरायचं, वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग आपोआप विरतं. चौथा, आपल्याच पोटाची चरबी काढून गालात घालायची, कोल्हापूरला, ऑपरेशन करून. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मीही बघितलं. तो उपाय आम्ही दोघींनी सोडला.

फिलर दोन सिरिंज लागतील. बेचाळीस हजार.

मॅडमनी विचारलं, का करायचंय? मी म्हटलं, नातीचं लग्न. अनुजाचा मुलगा सातवीत आहे. नात नाहीच. पण खरं सांगितलं असतं तर ह्यांच्या आजाराचं मला समजावत बसल्या असत्या आणि सुई राहिली असती. खोट्याबद्दल परतीच्या एसटीत जप केला, तीन माळा.

वर्ष-दीड वर्षच टिकतं याचं वाईट वाटायचं कारण नाही. एकदा ओळख पटली की पटली. मग थोडंच पुन्हा विसरणार.

७ डिसेंबर, रविवार.

पैशांचा विचार. पोस्टात माझ्या नावाची ठेव आहे, काशीसाठी. दोघांनी जायचं म्हणून बारा वर्षं महिन्याला भरत आले. पण काशीला ह्यांच्या शेजारी बसून आत्येने जायचं का? गंगेत उभं राहून हे म्हणणार, आये, हात धर. तिथे सुशीलाच हवी. म्हणजे गाल आधी, काशी मग. ठेव मोडणे. हा खर्च काशीचाच पहिला हप्ता समजणे.

१० डिसेंबर, बुधवार.

देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. देवळात कौल लावायला गेले. आमच्याकडे लग्न, घर, नोकरी, बैल, सगळं कौलावर ठरतं. पाषाणाला पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. बाळा गुरवाने गाऱ्हाणं घातलं. नेमकं काय मागायचं ते मी आधीच सांगून ठेवलं होतं : "हिच्या घोवाक हिची ओळख पटांदे, म्हाराजा. त्यासाठी हिणां जा मनात धरलाहा, ता करू काय?"

डावी पडली.

पाकळी ओली होती. बाळाला म्हटलं, पुसून परत लाव. परत डावी. म्हटलं, वारा आहे, दार ओढून घे. त्याने ओढलं. तिसऱ्यांदा उजवी.

बाळा म्हणाला, "काकी, तुका व्हयो तसो कौल पडेपर्यंत इचारतलंस?" मी म्हटलं, तीन वेळा विचारायची पद्धतच आहे. तो म्हणाला, "तिनांत दोन डावे." मी म्हटलं, शेवटचा खरा.

नारळ, अगरबत्ती, दक्षिणा. खाते : ह्यांचे औषधपाणी.

१८ डिसेंबर, गुरुवार.

शेवटचा गुरुवार, उद्यापन. पाच जणींना हळदीकुंकू. यशोदा म्हणाली, "वाळलंस गो." म्हटलं, आणखी दोन दिवस.

तूप एकूण चार चमचे झालं. गाल फुगवणं बंद, आता गरज नाही. पावडर यशोदाच्या मांजराला आवडते.

२० डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.

झालं.

अमावास्या सकाळी सव्वासातला संपली, म्हणून निघाले. आधी बधिर करायचं मलम, अर्धा तास. मग सुई, मग एक बोथट नळी. दुखलं नाही असं लिहिणार नाही. आतून कोणीतरी उशी भरतंय असं वाटत होतं. मी रामरक्षा म्हणत होते, मॅडम म्हणाल्या मावशी ओठ हलवू नका. मग मनात म्हटली.

आरसा दिला. गाल आहेत. इतक्या वर्षांनी भेटले. मी त्यांना हात लावायला गेले, मॅडमनी हात धरला. चोळायचं नाही, पालथं झोपायचं नाही, चार दिवस सूज राहील. पंधरा दिवसांनी दाखवायला या.

एसटीत खिडकीच्या काचेत बघत आले. घरी गेल्या गेल्या काय होईल ते मनात तीन-चार प्रकारांनी बसवलं. ते म्हणतील, सुशी, खंय होतंस इतके दिवस? मी म्हणणार, हंयच. यावर माझं नक्की झालं होतं. हंयच, एवढंच म्हणायचं, रडायचं नाही.

ओट्यावर बसले होते. मी पायरी चढले. ते उठून उभे राहिले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "या. कोणाकडे आलात?"

सूज आहे. शिवाय संधिप्रकाश.

२१ डिसेंबर, रविवार.

सूज. डोळ्याखाली निळा डाग. अशा तोंडाला मीही ओळखलं नसतं. आज दिवसभर त्यांच्यासमोर फार गेले नाही. जेवण यशोदाच्या हातून पाठवलं. अर्धं परत आलं.

२४ डिसेंबर, बुधवार.

सूज गेली. डाग पिवळा झाला, दोन दिवसांत जाईल. यशोदा बराच वेळ बघत राहिली, थट्टा नाही काही नाही. म्हणाली, "पंधरा वर्सां मागे गेलंस गो. माझ्या नातवाच्या बारशाक अशीच दिसलंस." बाबलीने ओळखलं, बाळा गुरवाने ओळखलं. सगळ्या वाडीला सुशीला दिसते आहे.

हिरवं पातळ, मोठं कुंकू, केसांत अबोलीचा वळेसर. ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मी सुशी."

हे म्हणाले, "आमची पत्नी माहेरी गेली आहे. आपलं काही काम असेल तर सांगा. मनिऑर्डर असेल तर दोनपर्यंत."

शुद्ध भाषेत बोलतात माझ्याशी. पोस्टाच्या खिडकीवर परक्या माणसाशी बोलायचे, तसं. एकोणीसशे एक्याऐंशीपासून ह्या घरात माझ्याशी कोणी 'आपण' म्हणून बोललं नव्हतं.

चष्म्याचा नंबर तपासायला हवा. आधीच कसं सुचलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार.

चष्मा तोच बरोबर आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची झालेली.

पेज माझ्या हातून घेत नाहीत. "बाई, आपण कशाला त्रास घेता? आमची आई देईल." मी म्हटलं, आई बाहेर गेलीय. म्हणाले, मग थांबतो. अकरापर्यंत थांबले. मग पेज गार झाली.

१ जानेवारी, गुरुवार.

नवीन वर्ष. संकल्प :
त्यांना घाई करायची नाही.
रोज एकच वेळा सांगायचं, मी सुशी.
रडायचं झालं तर न्हाणीघरात.

सकाळी ते फाटकाशी उभे. यशोदाने विचारलं, "अप्पानू, कोणाची वाट बघतास?" तिच्याशी मालवणी बोलतात, ती जुनी. "आये खंय गेली गो? माका सांगान गेली नाय." यशोदा माझ्याकडे बघायला लागली. मग त्यांना म्हणाली, "येतली. बाजाराक गेलीहा."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"तिका रस्तो ओलांडूक जमणा नाय," हे म्हणाले. आणि माझ्या डोळ्यांदेखत चपला घालून रस्त्याकडे निघाले, आईला रस्ता ओलांडून द्यायला. बसथांब्यावर जाऊन बसले. मी मागोमाग जाऊन थांब्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोन गाड्या आल्या, प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बायांची तोंडं त्यांनी नीट बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपलंही कोणी यायचंय का?"

संकल्प तिसरा पाळला नाही. थांब्यावर न्हाणीघर नव्हतं.

३ जानेवारी, शनिवार. कुडाळ.

मॅडम खूश. फोटो काढले, आधीचा आणि आत्ताचा शेजारी शेजारी लावून दाखवले. रिझल्ट फार सुंदर म्हणाल्या. कधी आहे लग्न? मी म्हटलं, पुढे ढकललंय.

आधीचा फोटो बराच वेळ बघितला. आत्या बसलेली. एवढी दमलेली बाई, आणि मी तीस वर्षं तिला घाबरत होते.

५ जानेवारी, सोमवार.

वजनकाट्यावर ह्यांना उभं केलं. महिन्याभरापूर्वी त्रेपन्न होते, आता एकोणपन्नास. काटा जुना आहे. यशोदाला उभं केलं, तिचं बरोबर आलं.

८ जानेवारी, गुरुवार.

आज एक युक्ती. आत्येचं जुनं नऊवारी ट्रंकेतून काढलं, नेसले, केसांचा आत्येसारखा बुचडा, कुंकू पुसून टाकलं. आत्येला नव्हतं. पुसताना हात थांबला. नवरा समोर जिवंत बसलेला. देवा, माफ कर, हे औषधपाण्यातलंच आहे.

गाल आत ओढले, आतून दाढांच्या जागी हिरड्यांत धरून ठेवले. भरलेले गाल आत जायला तयार नव्हते. तशीच पेजेची वाटी घेऊन समोर बसले. खिडकीकडे पाठ केली, तोंडावर उजेड नको.

हे बघत राहिले. हळूच म्हणाले, "आये?"

मी मान हलवली. तोंड उघडता येईना. चमचा पुढे केला. एक घेतला. दुसरा घेतला. सहा चमचे मोजले. मग म्हणाले, "खंय होतंस गो? सुशी पण नाय घरात. मी एकटोच." आणि माझ्याकडे बघत राहिले, उत्तरासाठी. आईने उत्तर द्यायला हवं.

मी म्हटलं, "हंयच होतंय."

गाल बाहेर आले. त्यांनी बघितलं. वाटी हळूच बाजूला सरकवली, पायाने नाही, हाताने, सभ्यपणे. म्हणाले, "क्षमा करा. माझी चूक झाली."

९ जानेवारी, शुक्रवार.

अनुजाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या गालांचं नव्हतं गं काही. तो आजार आहे." म्हटलं, आजार असता तर गाल भरल्यावर ओळख जाती का? गालांचंच होतं. फक्त मी उलटं धरलं. ती रडायला लागली, मला कळेना का. मग म्हणाली, थांब, बघते. संध्याकाळी तिचाच फोन : हे जेल विरघळवायचंही इंजेक्शन असतं. एका दिवसात उतरतं.

एवढी आनंदाची बातमी इतक्या वर्षांत आलेली आठवत नाही.

यशोदाला सांगितलं. ती म्हणाली, "गो, भरून घेवक पैसे, काढून घेवक पैसे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "कमी पडले तर सांग."

आत्या होऊन राहायचं, हे आता नक्की. आत्येला ते पेज मागायचे, लोणचं मागायचे, आणि माझी बाजू घ्यायचे. सुशीलाला कोणी विचारत नव्हतं, पण सुशीलाबद्दल बोलत तरी होते.

१० जानेवारी, शनिवार.

कुडाळला फोन लावला. मॅडम सुट्टीवर, महिनाभर येणार नाहीत. फोनवरची मुलगी विचारते, गाठ आलीय का? दुखतंय? लाल झालंय? सगळ्याला नाही म्हटलं. म्हणाली, मग छान आहे की, काढायचं कशाला? नाहीतरी दीड वर्षात आपोआप जाईल.

फोनवर मला सांगता येईना. पत्र लिहिते. लिहिलेलं माणूस शेवटपर्यंत वाचतो.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी १२.

पत्राची नक्कल इथे ठेवते.

"डॉ. सौ. सुनीती मॅडम यांस, सा. न. वि. वि.
आपण २० डिसेंबर रोजी माझे गाल भरलेत. कामात काही खोट नाही, सर्वांनी नावाजले. लग्नाचे आपणांस खोटे सांगितले, नात नाही, त्याबद्दल क्षमा. माझे यजमान मला आई समजत असत व माझ्या हातून जेवत असत. नवीन गालांमुळे त्यांना मी परकी वाटते व त्यांची आई हरवली आहे. त्यांचे वजन चार किलो उतरले. दीड वर्ष थांबण्यासारखे नाही. तरी विरघळण्याचे इंजेक्शन देऊन माझे गाल पूर्वी होते तसे बसलेले करून द्यावेत. पूर्वीपेक्षा थोडे जास्त बसले तरी हरकत नाही. दिलेले पैसे परत मागत नाही. आपण सुट्टीवर आहात असे कळले, जिथे असाल तिथे येईन, यजमानांना घेऊन येईन –"

इथपर्यंत लिहिलं आणि हे टेबलाशी येऊन उभे राहिले. हात मागे बांधून. पत्राकडे बघितलं नाही, मान दुसरीकडे. दुसऱ्याचं टपाल आम्ही वाचत नाही म्हणाले. पत्ता घालून ठेवलेलं रिकामं पाकीट उचललं, तळहातावर तोललं. "वीस ग्रॅमच्या आत आहे. पिनकोड घातलात?"

घातला म्हटलं.

"आणि बाई, शेवटी उत्तराचं लिहा. नाहीतर लोक वाचून ठेवून देतात. माणूस इकडे वाट बघत बसतो."

लिहिते म्हटलं.

थोडा वेळ उभे राहिले. मग, खिडकीवर गर्दी नसली की आपुलकीने विचारायचे तसं विचारलं, "कोणाची वाट बघताय आपण?"

म्हटलं, घरच्या माणसाची.

"मीपण," म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मी पत्र पुरं करीपर्यंत बसून राहिले.

"– तरी कोणत्या दिवशी, कोठे यावे व खर्च किती, ते कृपया उलट टपाली कळवावे."